चालण्याचे पेटंट आणि थांबण्याची अक्कल

जर्मनीतील मॅनहाइमचे यंत्रनिर्माते कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी गॅस इंजिनावर चालणाऱ्या वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट क्रमांक ३७४३५. हा कागद मोटारगाडीचा जन्मदाखला मानला जातो. पण गाडी चालवणे ही निम्मीच गोष्ट आहे. ती सुरक्षित थांबवणे ही उरलेली निम्मी, आणि आरोग्याचा संबंध तिच्याशीच जास्त आहे.

बेन्झ यांनी १८७१ मध्ये भागीदारीत कारखाना काढला. भागीदाराशी पटेना, तेव्हा त्यांची वाग्दत्त वधू बेर्टा हिने हुंड्याची रक्कम लग्नाआधीच मागून घेतली आणि त्याचा हिस्सा विकत घ्यायला दिली. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे पेटंट निकोलाउस ऑटो यांच्याकडे होते. म्हणून बेन्झ यांनी आधी दोन स्ट्रोकचे इंजिन बनवले. ते १८७९ च्या शेवटच्या रात्री सुरळीत चालले. पुढे तीनचाकी गाडीत त्यांनी चार स्ट्रोकचेच छोटे इंजिन बसवले. ताकद जेमतेम पाऊण अश्वशक्ती, वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर.

या गाडीची खरी परीक्षा बेर्टा यांनी घेतली. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता दोन मुलांसह त्या गाडीने माहेरी, फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. इंधन संपले तेव्हा वाटेत वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतले. ते डाग काढण्यासाठी विकले जात असे. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका मोच्याकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. या प्रवासानंतर बेन्झ यांनी गाडीला चढासाठी कमी वेगाचा गिअर दिला. यंत्रातली उणीव कारखान्यात नव्हे, रस्त्यावर सापडली, आणि ती वापरणाऱ्या व्यक्तीने शोधली.

प्रत्येक वेळी उणीव इतक्या स्वस्तात सापडत नाही. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल या महिलेचा मोटारगाडीखाली मृत्यू झाला. मोटारीने ब्रिटनमध्ये घेतलेला पादचाऱ्याचा हा पहिला बळी मानला जातो. ती गाडी बेन्झ यांच्याच धर्तीची, रॉजर-बेन्झ होती आणि आजच्या मानाने तिचा वेग किरकोळ होता.

वेग चौपट झाला की धडकेची ऊर्जा सोळापट होते. गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जातो. डोके आदळून थांबले तरी कवटीतला मेंदू पुढे जाऊन हाडावर आपटतो. इंजिनांची ताकद शेकडो पटींनी वाढली. माणसाची कवटी आणि मेंदू मात्र १८८६ मध्ये होते तसेच आहेत.

म्हणूनच १९५९ सालची एक नोंद महत्त्वाची आहे. व्होल्वो कंपनीतील अभियंते नील्स बोलिन यांनी तीन बिंदूंवर बांधला जाणारा सीटबेल्ट तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले केले. वेगाच्या पेटंटवर नफा कमवायला हरकत नाही, पण जीव वाचवणारी सोय सर्वांची असावी, हे तत्त्व त्यातून दिसले. आजही ते लागू आहे. सुरक्षेची साधने महागड्या गाड्यांपुरती ठेवणे हे वैद्यकीयदृष्ट्या समर्थनीय नाही.

जगात रस्ते अपघातांत दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०२२ मध्ये हा आकडा १ लाख ६८ हजारांवर होता. यातले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. त्यासाठी हनुवटीखाली पट्टा लावलेले हेल्मेट हवे, मागच्या सीटवरही बेल्ट हवा आणि वस्तीत वेग कमी हवा. बेर्टा बेन्झ यांनी झिजलेला ब्रेक पाहून गाडी थांबवली आणि मोची गाठला. ‘जवळच तर जायचंय’ म्हणत हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांनी एवढे शहाणपण तरी घ्यावे.