बीटी-सीटी नॉर्मल आहे ना, मग काळजी कसली?



हर्नियाचं ऑपरेशन असो, टॉन्सिल असोत, सिझेरियन असो की अक्कलदाढ काढायची असो, तपासण्यांच्या चिठ्ठीवर ‘बीटी-सीटी’ हमखास लिहिलेलं असतं. लॅबमध्ये बोटाला किंवा कानाच्या पाळीला सुई टोचतात, टिपकागदानं रक्त टिपतात, काचेच्या बारीक नळीत थोडं रक्त घेऊन ते कधी गोठतं ते पाहतात. रिपोर्ट येतो, ‘नॉर्मल’. रुग्णाचा, नातेवाइकांचा आणि कित्येकदा डॉक्टरांचाही जीव भांड्यात पडतो.

तो पडू नये, हे सांगायला हा लेख आहे. ‘बीटी-सीटी नॉर्मल’ या शब्दांवर आपण जेवढा भरवसा ठेवतो, तेवढी त्यांची लायकी नाही. त्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती पाच-सहा साध्या प्रश्नांतून मिळते. त्या प्रश्नांना एक पैसा लागत नाही, आणि नेमके तेच विचारले जात नाहीत.

रक्त थांबतं कसं?

आधी हे समजून घेऊ. शेताला पाणी देणारा पाट फुटला तर आपण काय करतो? आधी हाताला येतील ते दगड, ढेकळं भगदाडात टाकतो. मग चिखल लिंपून ते पक्कं करतो. शरीरही असंच दोन टप्प्यांत काम करतं.

रक्तवाहिनी फाटली की प्रथम बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, तिथे गोळा होतात. पण वाहत्या रक्तात त्यांना भगदाडाच्या कडेला चिकटून राहायला गोंद लागतो. त्या गोंदाचं नाव व्हॉन विलेब्रँड फॅक्टर. हा तात्पुरता बांध झाला.

दुसऱ्या टप्प्यात रक्त गोठवणारे घटक, म्हणजे क्लॉटिंग फॅक्टर, कामाला लागतात. त्यांना रोमन आकडे दिलेले आहेत. यांतले बहुतेक यकृतात तयार होतात. घटक दोन, सात, नऊ आणि दहा यांना त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागतं. एक घटक दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. थ्रॉम्बिन रक्तातल्या फायब्रिनोजेनचे धागे करतं, धाग्यांची जाळी होते आणि तेरावा घटक त्या जाळीला घट्ट टाके घालतो. आता बांध पक्का.

या साखळीतली कुठलीही कडी कमकुवत असू शकते. आठवा घटक कमी असेल तर हिमोफिलिया ‘ए’, नववा कमी असेल तर हिमोफिलिया ‘बी’. गोंदच कमी किंवा बिघडलेला असेल तर व्हॉन विलेब्रँडचा आजार. हा वंशानं येणाऱ्या रक्तस्रावाच्या आजारांत सर्वांत जास्त आढळणारा आजार आहे आणि तो मुलींना आणि मुलांना सारखाच होतो.

मग बीटी-सीटी नेमकं काय सांगतात?

बीटी म्हणजे ब्लीडिंग टाइम. टोचल्यावर रक्त किती वेळ येतं ते. कानाच्या पाळीवर हे मोजण्याची पद्धत ड्यूक यांनी १९१० साली सांगितली. पण सुई किती खोल गेली, कातडी जाड की पातळ, हात गार की गरम, यावर उत्तर बदलतं. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी १९९८ सालीच जाहीर भूमिका घेतली, की शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट ही तपासणी करून उपयोग नाही.

सीटी म्हणजे क्लॉटिंग टाइम. (मेंदूचा ‘सीटी’ तो वेगळा.) ही त्याहून आंधळी आहे. नळीतलं रक्त गोठायला अगदी थोडं थ्रॉम्बिन पुरतं. त्यामुळे आठवा घटक पाच-दहा टक्के एवढाच असला तरी सीटी नॉर्मल येऊ शकते. असा मुलगा एरवी ठणठणीत दिसतो, खेळतो, शाळेत जातो. आणि दाढ काढल्यावर दोन दिवस रक्त थांबत नाही. रिपोर्ट मात्र खिशात असतो, नॉर्मल.

पीटी आणि एपीटीटी या तपासण्या यापेक्षा बऱ्याच चांगल्या आहेत. पण त्याही सर्वज्ञ नाहीत. तेरावा घटक त्या मोजतच नाहीत. व्हॉन विलेब्रँडच्या आजारातही त्या पुष्कळदा नॉर्मल येतात, कारण गोंद मोजण्याची ती चाचणीच नव्हे.

दोन जुन्या केसेस

फिनलंडच्या आलांद बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी १९२४ साली एरिक व्हॉन विलेब्रँड या डॉक्टरांकडे आली. तिच्या अनेक भावंडांना रक्तस्रावाचा त्रास होता, काही त्यातच दगावली होती. डॉक्टरांनी तपासलं तर प्लेटलेटची संख्या ठीक होती. क्लॉटिंग टाइमही नॉर्मल होता. ब्लीडिंग टाइम मात्र खूप वाढलेला होता, कारण तिचा आजार फारच तीव्र होता. १९२६ साली त्यांनी हा आजार हिमोफिलियाहून वेगळा आहे असं लिहिलं. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी गेली. कशानं? चौथ्या मासिक पाळीत झालेल्या रक्तस्रावानं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, १९५० नंतरची. जॉन हेगमन हा रेल्वेतला कामगार. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत त्याचा क्लॉटिंग टाइम भलताच वाढलेला निघाला. पण या माणसाला कधी जास्त रक्तस्राव झालाच नव्हता! त्याच्या रक्तात बारावा घटक नव्हता. त्या घटकाला पुढे हेगमन घटक असंच नाव पडलं. हा माणूस १९६८ साली वारला, तो रक्तस्रावानं नव्हे, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून.

एकीचा क्लॉटिंग टाइम नॉर्मल, आणि ती रक्तस्रावानं गेली. एकाचा बिघडलेला, आणि तो गुठळीनं गेला. रिपोर्टचा कागद आणि माणूस यांत किती अंतर असू शकतं, ते यावरून समजावं.

सर्वांत जास्त सोसतात त्या मुली

माझा खरा राग इथे आहे. मुलाला वारंवार रक्तस्राव झाला तर घर हादरतं. मुलीला दर महिन्याला झाला तर घरातल्या बायका म्हणतात, ‘आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं.’ बाई गं, सगळ्यांनाच जास्त जातं, हेच तर लक्षण आहे! आजीला, आईला, मावशीला जास्त जात असेल तर ती घराण्याची रीत नव्हे, तो घराण्यात चालत आलेला आजार असू शकतो.

पाळीत अति रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १३ टक्के स्त्रियांना व्हॉन विलेब्रँडचा आजार आढळला. म्हणजे साधारण आठातली एक. आता तुमच्या ओळखीतल्या, जास्त जातं म्हणून गोळ्या घेणाऱ्या बायका आठवा. त्यांतल्या कितीजणींची ही तपासणी झाली?

होतं असं, की मुलीला रक्त वाढवायच्या गोळ्या मिळतात. लोहाच्या गोळ्या द्यायलाच हव्यात, पण गळक्या माठात पाणी ओतण्यासारखं ते. पोट दुखतं म्हणून मेफेनॅमिक आम्ल किंवा आयब्युप्रोफेन दिलं जातं. ही औषधं प्लेटलेटचं काम मंदावतात, म्हणजे आधीच गोंद कमी, त्यात ढेकळंही निसरडी. पुढे क्युरेटिंग. त्यापुढे चाळिशीच्या आत ‘पिशवी काढून टाका’. आणि ज्या बाईच्या रक्तात गोंद कमी आहे, तिची पिशवी काढायची म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरच संकट. तिथेही आधी बीटी-सीटी केलेली असतेच. नॉर्मल!

भारतात निदान झालेल्या रुग्णांत या आजाराचा सर्वांत तीव्र प्रकार प्रमाणाबाहेर जास्त दिसतो. आते-मामे भावंडांतली लग्नं हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं, की सौम्य आजार आपण शोधतच नाही.

बरं, निदान झालं तर उपाय आहेत. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आहे, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबी-नसलेली ‘कॉपर टी’सारखी साधनं आहेत, निवडक रुग्णांसाठी डेस्मोप्रेसिन आहे, आणि गरज पडली तर तो घटकच शिरेतून देता येतो. निदान झालेली मुलगी शिकू शकते, खेळू शकते, बाळंत होऊ शकते. निदान न झालेली नुसती पांढरीफटक पडत जाते.

‘पण डॉक्टर...’

‘स्वस्त तपासणी आहे, केली तर बिघडलं कुठे?’ खोटा दिलासा मिळतो, हे बिघडतं. नॉर्मल लिहिलेलं पाहिल्यावर पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही. उलट एखाद्याची बीटी उगाच अर्ध्या मिनिटानं वाढली तर ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि ‘माझं रक्त पातळ आहे’ हा शिक्का जन्मभर राहतो.

‘उद्या कोर्टकचेरी झाली तर?’ माझ्या व्यवसायबंधूंचा हा आवडता मुद्दा. रक्तस्रावाची विचारपूस करून ती केसपेपरवर लिहिलेली असणं हाच उत्तम बचाव आहे. ब्रिटनमधल्या रक्तविकार तज्ज्ञांच्या २००८ सालच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : सरसकट चाचण्या नकोत, आधी नीट इतिहास घ्या, आणि त्यात काही सापडलं तर योग्य ती तपासणी करा.

‘सगळ्यांच्या महागड्या तपासण्या कशा करणार?’ करूच नका. प्रश्न सगळ्यांना विचारा, तपासण्या लागतील त्यांच्याच करा.

तुम्ही काय करायचं?

ऑपरेशन, दाढ काढणं किंवा बाळंतपण असेल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. खालच्यांपैकी काही असेल तर स्वतःहून सांगा :

१. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, रात्री कपडे खराब होतात, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात.
२. पूर्वी दात काढल्यावर, टॉन्सिलच्या किंवा दुसऱ्या ऑपरेशननंतर रक्त थांबायला फार वेळ लागला.
३. घोळणा वारंवार फुटतो आणि नाक दहा मिनिटं दाबूनही थांबत नाही.
४. बाळंतपणात किंवा नंतरच्या दिवसांत इतकं रक्त गेलं की बाटल्या चढवाव्या लागल्या.
५. फारसा मार न लागता मोठे काळे-निळे डाग उठतात, सांधे सुजतात, किंवा बाळाच्या नाळेतून रक्त येत राहिलं होतं.
६. आई, मावशी, मामा, भावंडं यांपैकी कुणाला असा त्रास आहे.
७. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा वेदनाशामक गोळ्या चालू आहेत. (या मनानं बंद मात्र करू नका, नुसतं सांगा.)

यांपैकी काही जुळत असेल तर ‘बीटी-सीटी नॉर्मल आहे’ या उत्तरावर गप्प बसू नका. रक्तविकार तज्ज्ञांची चिठ्ठी मागा. व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची पातळी, त्याचं काम आणि आठवा घटक या तपासण्यांबद्दल विचारा. ताप, ताण, गरोदरपण यांत हा घटक वाढतो, म्हणून एकदा नॉर्मल आला तरी तज्ज्ञ पुन्हा तपासायला सांगू शकतात. त्याला कंटाळू नका. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात याच विषयाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे, आणि हिमोफिलिया रुग्णांच्या संघटनांच्या शाखाही वाट दाखवतात.

आणि आयांनो, लेकीची पाळी सुरू झाली की तिला पॅड कसं लावायचं ते जसं शिकवता, तसंच ‘किती गेलं’ हेही दोन-चार महिने विचारत जा. ती लाजेल. तरी विचारा. हे तिला कुठल्याच लॅबचा रिपोर्ट विचारणार नाही.