शब्दांचा बाजार आणि तेल्हाऱ्याची मुलगी

तेल्हाऱ्याच्या शेतमजुराच्या मुलीने परदेशी विद्यापीठात शिकायचे ठरविले, तर तिची पहिली गाठ पडते ती तिच्या विषयाशी नव्हे, इंग्रजीच्या परीक्षेशी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. परंतु तिथवरची वाट बहुधा याच उंबरठ्यावरून जाते. १९८९ पासून घेतल्या जाणाऱ्या 'आयईएलटीएस'ची फी आज सतरा हजार रुपयांहून अधिक आहे आणि निकालाची मुदत अवघी दोन वर्षे!

आमच्यापैकी काहींना हा प्रश्न चळवळीच्या कक्षेबाहेरचा वाटेल. 'अंग्रेजी हटाओ' म्हणणाऱ्यांनी इंग्रजी शब्दांची चिंता का वाहावी? वस्तुतः डॉ. लोहियांचा विरोध कारभारातील, न्यायालयातील आणि शिक्षणाच्या माध्यमातील इंग्रजीच्या सत्तेला होता. ती भाषा शिकण्याला नव्हता. शिवाय ही घोषणा देणाऱ्या कितीतरी घरांतील मुले इंग्रजी शाळांतच गेली, हे आपण कबूल केलेले बरे. बहुजनांची मुले तेवढी मागे राहिली.

आता या मुलांना शिकवणीवर्ग शब्दांच्या याद्या विकतात. मुले जडजंबाल शब्द घोकतात आणि निबंधात नको तिथे पेरतात. निबंधाचे चतुर्थांश गुण शब्दसंपत्तीला असतात हे खरे. पण परीक्षक शब्दाचे वजन पाहत नाही, तो योग्य सोबतीला बसला की नाही ते पाहतो. हे वऱ्हाडच्या मुलांना समजावणे कठीण नाही. कापूस वेचायचा असतो, तूर सोंगायची असते, मुगाच्या शेंगा तोडायच्या असतात. 'कापूस सोंगला' म्हणणाऱ्याने वावर पाहिलेले नाही, हे लहान पोरही ओळखते. इंग्रजीतही नेमके हेच आहे, आणि ही जाण यादीतून येत नाही. तोच शब्द निरनिराळ्या वाक्यांत पुनःपुन्हा भेटल्याने येते.

आणि यादीच हवी असेल तर ती विकत कशाला? ढाक्याला अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातील ३५ लाख शब्द तपासून आणखी ५७० शब्दकुले निवडली. दोन्ही मिळून अशा लेखनातील शंभरापैकी सुमारे ८६ शब्द हाती येतात. या याद्या फुकट उपलब्ध आहेत.

उणीव आहे ती वाचनाची. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी पाठ्यपुस्तकाबाहेरचे इंग्रजी पान खेड्यातल्या मुलाच्या हाती क्वचितच पडते. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये तालुक्या-तालुक्यांत आहेत. तिथे सोपी इंग्रजी पुस्तके ठेवावीत, रोज सायंकाळी तासभर सामुदायिक वाचन व्हावे, शब्दाचा अर्थ मराठीतच सांगावा आणि वहीत सुटा शब्द न लिहिता पुरे वाक्य उतरवावे. याला पदवीधर कार्यकर्ता पुरतो, शिकवणीवर्ग लागत नाही.

फीचा प्रश्न मात्र वाचनाने सुटणारा नाही. गरजू विद्यार्थ्याची फी शासनाने परीक्षेपूर्वीच भरावी, मागाहून पावत्या मागू नयेत. तहसील कचेरीवर जाणाऱ्या पुढच्या निवेदनात कापसाच्या भावाखालोखाल हे कलम असावे.