थायरॉईडची गोळी जुन्या चिठ्ठीवर नको



नंदुरबार जिल्ह्यात डोळे पिवळे दिसले की आधी काविळीचा झाडपाला सुरू होतो. दवाखान्यात नेले तर पहिला संशय सिकलसेल या रक्ताच्या आजारावर जातो आणि आपल्या भागात तो रास्तच आहे. पण बाई थायरॉईडची गोळी घेत असेल, तर गोळी किती मायक्रोग्रॅमची आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) शेवटचा कधी तपासला, हेही विचारलेच पाहिजे.

लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे ही थायरॉईडची गोळी, गरजेचे औषध आहे, ते मनाने कुणी बंद करू नये. पण मात्रा जास्त झाली की यकृताला प्राणवायू अधिक लागतो आणि रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. मग यकृताच्या तपासणीतले एसजीपीटी, एसजीओटी वाढतात, क्वचित कावीळही होते. वेळीच ओळखून मात्रा उतरवली तर यकृत बहुधा सावरते. कावीळ होण्याआधी बहुधा धडधड, हातांना कंप, पातळ शौचास होणे, वजन घटणे ही लक्षणे दिसतात. पण राबणारी बाई वाळली तर आपल्याकडे कुणाला नवल वाटते? शिवाय अहवालात टीएसएच अगदी खाली आला की घरचे खूश होतात. गोळी घेणाऱ्यात त्याचा अर्थ बहुधा औषध जास्त होतेय असा असतो.

सर्वांत जास्त हयगय बाळंतपणानंतर होते. गरोदरपणात मात्रा बहुधा वाढवावी लागते. बाळंतपणानंतर ती पूर्वीवर आणून सुमारे 6 आठवड्यांनी रक्त तपासायचे असते. इथे मात्र वाढवलेल्याच मात्रेची चिठ्ठी वर्षानुवर्षे मेडिकलवर चालते. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा गोळ्यांची बाटली गाठोड्यात असते आणि तपासणी मागे राहते.

दुकानदाराने गोळी नाकारावी असे मी म्हणत नाही, औषध तुटणेही वाईटच. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुढच्या टीएसएचची तारीख लिहावी. मात्रा बदलल्यावर ती 6 ते 8 आठवड्यांची, एरवी वर्षाच्या आतली असावी. आशाताईंनी बाळंतिणीच्या घरभेटीत या गोळीची चौकशी करावी. सिकलसेल शिबिरांत रक्त घेतले जातेच, तिथे थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांचा टीएसएचही मोफत तपासावा. आणि ही शिबिरे मजुरांचे ट्रक निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास घ्यावीत. जिल्हा आरोग्य विभागाने यंदापासूनच हे सुरू करावे.

— एक वाचक, तळोदा