प्रवास कोठे संपतो?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मुंबई सेंट्रलच्या एस.टी. स्थानकावर आम्ही गिरगाव-दादरकडील काही कुटुंबे एका मिशन पथकाला निरोप देण्यासाठी जमलो होतो. तीन व्रतस्थ भगिनी आणि दोन प्रापंचिक तरुण सातपुड्यात, धडगाव भागात, कायमच्या कामासाठी निघाले होते. रात्रभर गाडी, सकाळी धुळे, पुढे शहादा, मग घाट. हार झाले, प्रार्थना झाली, छायाचित्रे निघाली. ‘केवढा हा प्रवास!’ असे हळहळत आम्ही घरी परतलो. या हळहळीविरुद्धच मला लिहायचे आहे.

मिशनकार्याचा त्याग बसच्या तासांवर मोजण्याची खोड आपल्याला जडली आहे. त्याच गाडीच्या मागच्या बाकांवर मांडीवर लेकरे घेऊन गावी निघालेले मजूर दाटीवाटीने बसले होते. त्यांना कोणी हार घातला नाही. एस.टी.चे धक्के हा त्याग असेल, तर अवघा महाराष्ट्र संतांनी भरलेला आहे!

इतिहासाकडे पाहा. 1579च्या ऑक्टोबरात फादर थॉमस स्टीफन्स गोव्यास उतरले. पुढल्याच महिन्यात फादर रुदोल्फ अक्वाविवा, फादर मोन्सेराते आणि दुभाषी म्हणून फादर हेन्रिकेस हे पथक अकबराच्या दरबारी जाण्यास गोव्याहून निघाले. समुद्रमार्गे दमण, तेथून सुरत आणि पुढे खुष्कीने माळव्यातून फत्तेपूर सिक्री! 1580च्या फेब्रुवारीअखेर ते पोहोचले. पण फादर रुदोल्फ यांना दरबारात मान मिळाला तो मजल-दरमजलीमुळे नव्हे. त्यांनी फार्सी आत्मसात केली म्हणून. फादर स्टीफन्स तर साष्टीतच राहिले. त्यांचा प्रवास भाषेतला होता. 1616 साली ‘क्रिस्तपुराण’ छापून झाले, तेव्हा त्या वाटेवर त्यांची तब्बल सदतीस वर्षे खर्ची पडली होती.

मग आपल्या पथकाचे काय? धडगावच्या पाड्यांवर घरात बोलतात ती पावरी. मराठी तेथे शाळेची आणि कचेरीची भाषा. गाडी सुटण्यापूर्वी मी एका भगिनींना सहज विचारले, “सिस्टर, तयारी झाली?” त्या म्हणाल्या, “सहा महिने नुसते ऐकायला मिळाले, तर होईल. पण नाताळपूर्वी पहिला अहवाल पाठवायचा आहे.” हा अहवाल कोणी मागितला होता? आम्हीच, देणगीदारांनी. किती पाडे, किती वर्ग, किती मुले!

‘पैसा आमचा, मग हिशेब नको काय?’ असे कोणी म्हणेल. रुपयांचा हिशेब पैनपै घ्या. परंतु माणसांच्या मनाचा तिमाही ताळेबंद मागू नका. आकडे मागितले की आकडेच मिळतात आणि ते गोळा करण्याच्या धावपळीत ऐकायचे राहून जाते. शेतकरी पेरणीच्या दुसऱ्या दिवशी माती उकरून बी पाहत नाही.

आणि धडगाव दूर आहे म्हणावे, तर लालबाग-परळ किती दूर आहे? नगर-जालन्याकडून अशाच एस.टी.ने मुंबईस आलेली मराठी कुटुंबे आमच्या धर्मग्रामातही आहेत. रविवारी मिस्साला ती शेवटच्या बाकावर बसतात. मिस्सा संपल्यावर आम्ही आपापसांत इंग्रजीत बोलत त्यांच्यासमोरून निघून जातो. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंतचा हा प्रवास आमच्याच्याने वर्षानुवर्षे झालेला नाही. धडगावकरांशी आपलेपणाने बोला, हे त्या भगिनींना आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे?

1926पासून जगभरची ख्रिस्तसभा ऑक्टोबरात मिशन रविवार पाळते. येत्या मिशन रविवारी पाकीट जरूर भरावे. पण त्यासोबत एक चिठ्ठीही घालावी: ‘भगिनींनो, पहिले वर्ष अहवाल नको. ऐका, शिका.’ आणि ती लिहून झाल्यावर शेवटच्या बाकापर्यंत चालत जावे. तेथे बसलेल्यांचे नाव-गाव विचारावे, मराठीत.