बोंडलं कपाटातून बाहेर काढा

परवा म्हापशाच्या बाजारात भाचीबरोबर तिच्या बाळासाठी दुधाची बाटली घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने एक पुढे केली, "हीच घ्या, बीपीए फ्री आहे." भाचीचं समाधान झालं, माझं नाही.

बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, टणक पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमधलं रसायन. शरीरात ते इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करतं. म्हणून युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये तान्ह्यांच्या बाटल्यांतून ते हद्दपार केलं. छान झालं. पण आताच्या पुष्कळ बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, त्यात बीपीए लागतच नाही. मग मिरवायचं कशाला? २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना अशाच बाटल्यांत गरम पाणी घालून हलवल्यावर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले.

बाटली घ्यायचीच तर काचेची घ्यावी. जड असते, फुटते, कबूल. पण त्याहून बरं आपलं बोंडलं. बाळाला मांडीवर जरा उठतं धरायचं, चोच ओठाला टेकवायची, ते पिईल तसं पाजायचं. धुवायला कानेकोपरे नाहीत, उकळून घेतलं की झालं. बारशाला आपण चांदीचं बोंडलं हौसेने देतो आणि ते शोकेसमध्ये काळं पडतं! स्टीलचंही चालतं.

"मामा, यात वेळ फार जातो हो," भाची म्हणाली. जातो खरा. ती कामावर गेल्यावर पाळणाघरात कोण एवढं बसणार? शेवटी तिने काचेची बाटली घेतली आणि घरच्यासाठी आजीकडचं बोंडलं मागवलं.