अम्मींचा अलार्म

रत्नागिरीहून कोलकात्याला बदली झाल्याचं पत्र आलं, तेव्हा घरात प्रत्येकाला आपापली काळजी लागली. थोरल्याला नव्या शाळेची, धाकटीला मागे राहणाऱ्या मांजरीची, बेगमसाहेबांना कोकमाची आणि आम्हाला भाड्याच्या घराची. अम्मींना मात्र एकच काळजी होती. "तिकडे तुम्हाला सहरीला उठवणार कोण?"

अम्मी आमच्याबरोबर यायला तयार नव्हत्या. "पंचाहत्तरी उलटल्यावर मी आता नव्या मुलखाची भाषा शिकू का?" म्हणाल्या. अंगण, विहीर आणि शेजारच्या आपा एवढ्यावर त्यांचं भागणार होतं. आमचं भागेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. म्हणून त्यांनी सामानात कोकमाची बरणी आणि सुक्या बोंबलांचं एक गाठोडं घातलं.

मुंबईहून हावडा म्हणजे जवळजवळ दोन हजार किलोमीटर. नागपूरपर्यंत डब्यातल्या मंडळींनी तो वास सभ्यपणे सोसला. रायपूरच्या पुढे एकानं खिडकीकडे तोंड फिरवलं. आम्ही शरमेनं गाठोडं आणखी आत सरकवत होतो, तेवढ्यात वरच्या बर्थवरून एक बंगाली काका खाली वाकले आणि डोळे मिटून म्हणाले, "शुटकी?" सुक्या मासळीला बंगालीत शुटकी म्हणतात, हा आमचा पहिला धडा. हावड्याला उतरताना गाठोड्यातले चार बोंबील कमी झाले होते आणि आमची या शहरात एक ओळख झाली होती.

पहिल्या जुम्म्याला बाहेरून बिर्याणी मागवली. डबा उघडताच बेगमसाहेबा गरजल्या, "अहो, फसवलं आपल्याला! मटणाच्या जागी बटाटा घातलाय!" शेजारच्या खालांनी समजूत घातली. १८५६ साली इंग्रजांनी अवधची गादी काढून घेतल्यावर नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आले आणि मटियाबुर्जला राहिले. त्यांच्याच खानसाम्यांनी बिर्याणीत बटाटा घातला, असं इथले लोक सांगतात. म्हणजे आमच्या आधीही एक कुटुंब बदलीवर इथं आलं होतं. त्यांच्या बदलीचा हुकूम कंपनी सरकारनं काढला होता, एवढाच फरक. आता बटाटा कोणाच्या ताटात जाणार यावरून आमच्या घरात भांडणं होतात.

खाला बंगाली मुसलमान. किराणावाल्यानं एकदा आम्हाला त्यांच्यासमोरच विचारलं, "तुम्ही घरात मराठी बोलता? पण तुम्ही तर मुसलमान ना?" आम्ही उत्तर जुळवत होतो, तोवर खाला खो खो हसू लागल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आम्हाला तर आमच्याच गावात विचारतात, तुम्ही बंगाली की मुसलमान?" त्या दिवसापासून त्या धाकटीला बांगला शिकवू लागल्या. पहिलाच शब्द निघाला 'पानी'. धाकटी म्हणाली, "हे तर मला येतं!"

असे दिवस चालले होते आणि रमजान आला. अम्मींशिवायचा आमचा पहिलाच.

पहिल्या रोज्याला पहाटे बरोबर पाचला फोन खणखणला. "उठलात का रे? पाऊण तास आहे अजून. सावकाश जेवा." आम्ही वजू करून फजरला उभे राहणार होतो. सहरी संपून गेली होती. हे सांगितल्यावर पलीकडे काही क्षण शांतता पसरली. "संपली? मला न विचारता?"

संध्याकाळी याहून मोठा गोंधळ. साडेपाच वाजून गेले तशी इथं मगरिबची अजान झाली आणि आम्ही खजूर तोंडात टाकला. नेमका त्याच वेळी अम्मींचा व्हिडिओ कॉल. त्यांच्या मागे अंगणात लख्ख ऊन, आणि समोर आम्ही सगळे भजी खातोय! "अरे, उजेडात रोजा सोडलात? तोबा, तोबा! कोलकात्याची हवा महिन्याभरात लागली तुम्हाला!"

थोरल्यानं दादीला भूगोल समजावला. रत्नागिरी साधारण ७३ अंश रेखांशावर, कोलकाता ८८ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे पंधरा अंशांना साठ. आमचा सूर्य एक तास आधी उगवतो आणि एक तास आधी मावळतो. अम्मींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग घड्याळ दोघांना एकच कशाला दिलंय?"

प्रश्न वाटतो तेवढा भोळा नव्हता. देशाला एक प्रमाणवेळ १९०६ साली मिळाली, तरी कोलकात्यानं आपलं वेगळं घड्याळ १९४८ पर्यंत चालवलं आणि मुंबईनं तर १९५५ पर्यंत. अम्मींचं लहानपण मुंबईत त्याच घड्याळावर गेलं होतं!

त्या रात्री आम्ही म्हणालो, "अम्मी, तुम्ही झोपा. आमच्याकडे मोबाईलचा अलार्म आहे." उत्तर आलं, "अलार्मचं तोंड बोटानं बंद करता येतं. माझं करून दाखव."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला फोन वाजला. तिसऱ्या दिवशीही. स्वतःच्या सहरीच्या तासभर आधी उठून अम्मी आम्हाला उठवत, मग बसल्या बसल्या तसबीह ओढत आपल्या वेळेची वाट पाहत. आम्ही चार वेळा नको म्हणालो. पाचव्या वेळी बेगमसाहेबांनी आम्हाला बाजूला घेतलं. "नको म्हणू नका. पाच माणसांच्या दस्तरखानावर त्या आता एकट्या बसतात. उठवायलाही कोणी नको म्हटलं तर त्या उठतील कशाला?"

मग आम्ही अलार्म बंदच करून टाकला. संध्याकाळी धाकटीनं आपला एक खजूर राखून ठेवायला सुरुवात केली. पावणेसातच्या सुमाराला रत्नागिरीत अजान झाली की फोनसमोर बसून ती दादीबरोबर पुन्हा रोजा सोडते. दिवसभरात धरलेला नसला तरी!

अठराव्या रोज्याला मात्र फोन आला नाही.

आम्हाला जाग आली ती फजरच्या अजानने. घरात कोणाच्या पोटात पाण्याचा घोटही नाही. पण भुकेची आठवण कोणाला होती? बेगमसाहेबांनी अम्मींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. थोरला कोपऱ्यात गप्प उभा. तिसऱ्यांदा आम्ही शेजारच्या आपांना लावला. त्या कंदील घेऊन धावल्या, कारण तिकडे वीज गेली होती. ती पाच मिनिटं आम्ही कशी काढली ते आम्हालाच ठाऊक.

मग आपांच्या फोनवर अम्मींचा आवाज आला, झोपेनं जड झालेला. रात्री अंगात थोडी कणकण होती, गोळी घेतली आणि डोळा लागला. त्यांचा फोन चार्जिंगअभावी बंद पडला असेल, असं आम्ही म्हणालो. "फोनला काही झालेलं नाही. उशीखाली होता. मलाच ऐकू आला नाही," अम्मी म्हणाल्या. आमच्या घरात खोटं कारण पुरवलेलं चालत नाही.

"तुमची सहरी?" त्यांनी घाबरून विचारलं.

"गेली. पण तुमची अजून तासभर आहे. उठा, काहीतरी गरम खा. बरं वाटत नसेल तर आज रोजा राहू द्या."

"राहू द्या म्हणे!" पलीकडे भांड्यांचा आवाज सुरू झाला. आपा त्यांना घावणे घालून देत होत्या. जरा वेळानं अम्मी म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही पूर्वेला गेलात. पश्चिमेला गेला असतात तर आज मी उपाशीच राहिले असते."

आम्ही चौघांनी त्या दिवशी बिनसहरीचा दिवस काढला. असरनंतर सगळ्यांचे चेहरे उतरले होते, पण कुरकुर कोणी केली नाही. अलार्म आता दोन्ही घरांत लावलेला असतो. अम्मींचा फोन त्याच्या पाच मिनिटं आधी येतो.

ईदला सुट्टी मिळालेली नाही, हे सांगायचं धाडस आम्ही काल केलं. अम्मी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "असू दे. पण चाँद मात्र मी तुमच्या आधी बघणार. ते भूगोलात बसतं का, विचार थोरल्याला."

थोरल्यानं वही काढली. आमच्याकडे सूर्य आधी मावळतो, तेव्हा चाँद वयानं तासभर लहान असतो. रत्नागिरीत तो तासाभरानं मोठा झालेला असतो, म्हणून दिसण्याची शक्यता तिकडे जास्त.

"बसतं," तो म्हणाला. "दादीच जिंकणार."