रेंज हा आजचा पाणवठा आहे!

‘आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आलाय, आता कसली जात नि कसला भेदभाव?’ हे वाक्य हल्ली मालवण-कुडाळकडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. बोलणारा प्रत्येक जण वाईट हेतूने बोलतो असं आमचं म्हणणं नाही. आपल्यातलेही काही शिकलेले, नोकरीला लागलेले तरुण आता हेच बोलू लागले आहेत. इंटरनेटला जात नसते, वायफाय कुणाला आडनाव विचारत नाही, असं ते आम्हाला समजावतात. मित्रहो, वायफाय आडनाव विचारत नाही हे खरं. पण वायफाय जिथे पोचतं त्या जागेचा मालक आडनाव विचारतो, त्याचं काय?

कामाच्या निमित्ताने आम्ही किनारपट्टीच्या वाड्यांवर फिरतो. अशाच एका गावातली गोष्ट आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मुलगा अजून तिथेच राहतो. बारावी झालेला, कॉलेजला प्रवेश घेतलेला. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. त्याच्या वाडीत फोन कसाबसा लागतो, पण नेट चालत नाही आणि ओटीपी येतो तोवर त्याची मुदत संपलेली असते. गावात नेट कुठे चालतं, तर देवळाच्या कट्ट्यावर. गावातली सगळी पोरं संध्याकाळी तिथेच बसून रील बघतात. हाही जाऊन बसला. अर्धा अर्ज भरून झाला आणि एक वयस्कर गृहस्थ समोर उभे राहिले. ‘कोणाचो रे तू?’ मुलाने बापाचं नाव सांगितलं, वाडीचं नाव सांगितलं. ‘हयसर बसा नको. रस्त्यार जा.’ एवढंच. शिवी नाही, मारहाण नाही, आवाजसुद्धा चढला नाही. मुलगा उठला. दुसऱ्या दिवशी एका दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं खर्चून तालुक्याला गेला आणि अर्ज भरून आला.

ही बातमी होत नाही, याचा गुन्हाही नोंदवला जात नाही. मुलगा स्वतः हसत हसत सांगत होता. त्याचं ते हसणं आम्हाला जास्त लागलं.

यावर लगेच उत्तर येतं की तुम्ही रेंजमध्येसुद्धा जात शोधता. कोकणात डोंगर आहेत, माड-पोफळीच्या बागा आहेत, टॉवरच्या लहरी अडतात, हा भूगोलाचा प्रश्न आहे. बरोबर आहे. लहरींची वारंवारता जितकी जास्त, तितका वेग जास्त पण पल्ला कमी, आणि डोंगर-भिंती-झाडं ओलांडायची ताकदही कमी. म्हणून फाइव्ह-जीचा वेग हवा तर टॉवर जवळजवळ लागतात आणि प्रत्येक टॉवरपर्यंत चांगली फायबर लागते. कंपनी टॉवर उभा करते तो जिथे गिऱ्हाईक दाट आहे तिथे. बाजारपेठ, हमरस्ता, पर्यटकांचा किनारा. हे सगळं आम्हाला मान्य आहे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आपली वाडी बाजारपेठेपासून, हमरस्त्यापासून, गावाच्या मध्यापासून लांब का आहे? ती जागा आपल्या आजोबा-पणजोबांनी हौसेने निवडली होती काय? गावाच्या कडेला, सड्यावर नाहीतर खाली खाजणाकडे आपल्याला कुणी बसवलं? जातीने भूगोल ठरवला आणि आता भूगोल रेंज ठरवतो. मग रेंजला जात नाही असं कोणत्या तोंडाने म्हणता?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय आहे, आम्ही त्याचं स्वागतच केलं. पण पाटी बदलल्याने वस्तीची जागा बदलत नाही. नाव समतानगर आणि फोन करायचा तर चढण चढून सड्यावर जायचं, ही समता आम्हाला कळत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ही रेंज आहे कुणाची? सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, स्पष्ट सांगितलं आहे की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. कंपन्या त्या लहरी लिलावात ठरावीक मुदतीसाठी वापरायला घेतात, त्या त्यांच्या मालकीच्या होत नाहीत. दुसरी गोष्ट भारतनेटची. गावोगावच्या ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची ही योजना २०११ साली मंजूर झाली. तिचा पैसा ज्या निधीतून आला त्याला पूर्वी युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. तो उभा राहतो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरच्या आकारणीतून, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जमधून. बौद्धवाडीतली म्हातारी जो रिचार्ज मारते त्यातलेही पैसे त्यात आहेत. मग तिच्या पैशाने आलेली फायबर ग्रामपंचायतीच्या कपाटाशी येऊन का थांबते?

सार्वजनिक पैशाने बांधलेलं, सगळ्यांच्या मालकीचं, पण काहींनाच वापरता येणारं. मित्रहो, हे कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय ना?

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पाणी मात्र मिळालं नाही. ते मिळवायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन तळ्यापर्यंत चालत जावं लागलं आणि त्यानंतर उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं. ठराव आणि पाणी यांच्यामध्ये किती अंतर असतं ते बाबासाहेबांना माहीत होतं. म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन हक्क लिहिला गेला. त्या काळी माणसाचं जगणं पाणवठ्यावर अडत होतं. आज ते पाणवठ्याबरोबर रेंजवरही अडतं. शिष्यवृत्ती, रेशनचा अंगठा, बँक, परीक्षेचा अर्ज, नोकरीची जाहिरात, डॉक्टरचा सल्ला, यातलं काय आज नेटशिवाय होतं? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कणकवली तालुक्यात एका मुलीला शिकण्यासाठी डोंगरावर खोपी घालून पावसात बसावं लागलं होतं. माध्यमांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. कौतुक जरूर करावं, पण तिला डोंगरावर कुणी चढवलं हा प्रश्न कितींनी विचारला?

इंटरनेट आल्याने घर बदललं नाही असं आम्ही म्हणत नाही. कोकणाने मनीऑर्डर आणि पोस्टकार्डावर संसार केले. मुंबईच्या चाकरमान्याचं पत्र आलं की वाडीतल्या शिकलेल्या पोराकडून ते वाचून घ्यायचं. मग एसटीडी बूथ आले, शेजारच्या घरी फोन यायचा आणि आई धावत जायची. आता आजी नातवाचं तोंड व्हिडिओवर बघते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने वीज गेली, टॉवर बंद पडले, तेव्हा मुंबईतल्या आपल्या माणसांनी घरची खबर कळेपर्यंत कसे दिवस काढले ते ज्यांनी काढले त्यांनाच ठाऊक. वाडीचे निर्णय पूर्वी मुंबई मंडळाच्या पत्राने व्हायचे, आता गाव शाखा आणि मुंबई शाखा एकाच व्हिडिओ बैठकीत बसतात. ही चांगली गोष्ट आहे. पण त्या बैठकीत बाई किती बोलते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं, स्त्रियांमध्ये हे प्रमाण होतं ३३ टक्के. हा आकडा फक्त सवर्णांच्या घरातला नाही, आपल्याही घरातला आहे. फोन बापाचा, मग भावाचा, मग नवऱ्याचा, आणि वेळ उरला तर तिचा. पाणवठ्याचा हक्क मागणाऱ्या घरात कळशीला कुणी हात लावायचा यावर पहारा असेल, तर ते बाबासाहेबांच्या विचारात बसतं काय?

धंद्याचंही तसंच. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर आज होमस्टेचं बुकिंग व्हॉट्सअॅपवर होतं, आगाऊ रक्कम यूपीआयने येते, पाहुणा नकाशा बघत दारात उभा राहतो. मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपलीशेजारी क्यूआर कोड असतो. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या मच्छीमारांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मोबाईल आल्यावर बोटीवरूनच कुठल्या बंदरात काय भाव आहे ते कळू लागलं, भावातली तफावत कमी झाली, मासळी फुकट जायची थांबली, असं त्यात दिसलं. हे खरंच आहे. पण भाव कळणं आणि भाव मिळणं यात फरक आहे. ज्याने व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली आहे त्याला दुसऱ्या बंदरातला भाव कळून काय उपयोग? आणि ज्याची बोटच नाही, जो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे, त्याच्या फोनवर भाव येत नाही, मालकाचा हुकूम येतो. होमस्टेला किनाऱ्याजवळ जमीन लागते. खोतीच्या मुलखात आपल्या वाट्याला किती जमीन आली? बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं ते याच कोकणासाठी. म्हणून आमच्या तरुणांना स्पष्ट सांगतो, नेटने जमिनीचा प्रश्न सुटत नाही. पण ज्याला नेट नाही त्याच्या हातून रिक्षाचं भाडं, मार्गदर्शकाचं काम, घरगुती जेवणाची ऑर्डर अशी बिनजमिनीची कामंही निसटतात. आधी जमीन नाही म्हणून मागे, आता रेंज नाही म्हणून मागे.

आता थोडं आपल्याबद्दल, आणि हे कडू लागलं तरी ऐका. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. बोलायची साधनं दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, ते त्यांनी अनुभवलं आणि स्वतःची पत्रं काढली. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत. एकेक पत्र कर्ज, वर्गणी आणि उपासमार यांच्या जोरावर चाललं. आज ज्यांच्या फोनला रेंज आहे असे आपले हजारो तरुण त्या साधनाचं काय करतात? १४ एप्रिलला डीजेचा स्टेटस, रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात, आणि रात्री एका गटाने दुसऱ्या गटाला दिलेल्या शिव्या. बाबासाहेबांच्या नावाने त्यांनी कधी न बोललेली वाक्यं आपणच पुढे पाठवतो. कट्ट्यावरून उठवलेल्या मुलाबद्दल मात्र कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. खरं सांगायचं तर आम्हीही लिहायला उशीर केला.

म्हणून नुसती हळहळ नको, काम हवं. पहिलं, येत्या ग्रामसभेत लेखी प्रश्न द्या. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. भारतनेटची जोडणी आपल्या पंचायतीत आली का, चालू आहे का, ती कोण वापरतं, वाडीपर्यंत का आली नाही? उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दुसरं, डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. तिच्यात छोट्या दुकानदारालाही परवाना शुल्काशिवाय वायफाय केंद्र चालवता येतं. मग आपल्या बुद्धविहारात, समाजमंदिरात ते का नको? विहारात एक जोडणी, एक जुना संगणक, आणि अर्ज भरून देणारे दोन शिकलेले तरुण एवढं मुंबई मंडळाने मनावर घेतलं तर अवघड नाही. जयंतीच्या एका रात्रीच्या आवाजाच्या खर्चात वर्षभराचं इंटरनेट येतं का, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतः मांडावा. तिसरं, त्या जोडणीवर संध्याकाळचे दोन तास फक्त मुलींचे आणि बायकांचे असतील, असा ठराव करा आणि पाळा.

आणि चौथं, हे फुकटात होणारं आहे. देवळाचा कट्टा सार्वजनिक असेल, सरकारी पैशाने बांधलेला असेल, तर तिथून उठू नका. ‘कोणाचो रे तू?’ असं कुणी विचारलं तर बापाचं नाव जरूर सांगा, आवाज न चढवता सांगा, आणि अर्ज पूर्ण भरूनच उठा. एकटे जाऊ नका, दहा जण जा. महाडला कुणी एकटं गेलं नव्हतं.

तो मुलगा यंदा पुन्हा अर्ज भरणार आहे. या वेळी आम्ही त्याच्या शेजारी बसणार आहोत. तुम्ही येणार का?

जय भीम!